एकतीस नंबरचा नियम

५ फेब्रुवारी, सोमवार

आज साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं आणि त्याच दमात माझ्या अकरा वर्षांच्या कामावर एक नवी इंजिनियर बाई आणून बसवली. कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून ही वही.

आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या खोलीत दोन मशीन आहेत, डावं आणि उजवं. एक पडलं तर दुसऱ्याने भार उचलायचा, तपासण्यांचे रिपोर्ट मिनिटभरही अडता कामा नयेत, एवढ्यासाठी हा सगळा संसार. पण नुसतं ‘उचल’ म्हटलं की मशीन उचलत नाही. आधी डिस्क जोडायची, मग डेटाबेस उठवायचा, मग रिपोर्टची सेवा, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्कचा पत्ता, ज्यावर वॉर्डांतले कॉम्प्युटर येऊन दार वाजवतात. दार उघडं आणि घरात कुणी नाही, असं चालत नाही. कोण कुणाच्या आधी, कोण कुणाच्या शेजारी आणि कोण कुणाच्या वाऱ्यालाही नको, हे सगळं नियम लिहून सांगावं लागतं. असे त्रेचाळीस नियम आहेत. त्रेचाळीसही माझे.

मी इथे आलो तो भिंतीतून वायर ओढायला. शिडीवर उभा राहून खालच्या इंजिनियरांचं बोलणं ऐकत शिकलो. कान पहिल्यापासून तिखट. आजही दार उघडायच्या आधी नुसत्या पंख्यांच्या आवाजावरून सांगतो, आज कोण दमलंय. लोक मला उस्ताद म्हणतात ते उगाच नाही.

तर आमची कॉम्प्युटरची व्यवस्था तपासायला बाहेरून आलेल्या तपासणीवाल्यांनी दोन अटी घातल्यात, आणि ही बाई त्यासाठीच. नियम इतके कमी करा की दुसऱ्या माणसालाही वाचता यावेत. आणि महिना संपायच्या आत, भर दिवसा, डावं मशीन बंद करून दाखवा. उजव्याने काम उचललं पाहिजे.

मी म्हटलं, “साहेब, चालत्या गाडीचं चाक काढून बघायची हौस कशाला?”

“उस्ताद, तुम्ही दोन वर्षं हेच म्हणताय.”

सगळे हसले. मीही हसलो.  

६ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी पहिल्याच दिवशी त्रेचाळीस चिठ्ठ्या कापल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक नियम, कोपऱ्यात नंबर. सगळ्या लांब टेबलावर मांडल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“सर, नंबर चार. हा नियम का?”

“तेव्हा डिस्क जरा आळशी होती. तिला दहा सेकंद जास्त द्यावे लागायचे.”

“ती डिस्क कुठे आहे आता?”

“भंगारात. पाच वर्षं झाली.”

“म्हणजे कारण गेलं, नियम राहिला.” आणि चिठ्ठी डाव्या ढिगात.

असं दिवसभर. नंबर नऊ, का? नंबर चौदा, का? नंबर सतरा आणि बावीस एकमेकांना कापतात, मग दोन्ही का? मी प्रत्येकाची गोष्ट सांगत गेलो. गोष्टी बऱ्या होत्या, ती हसतही होती. पण हसता हसता चिठ्ठी डाव्या ढिगात टाकत होती. लहान वय, आवाज कधी चढत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्यात तिचं नाव ‘चाळणी’ पडलं होतं. नाव मीच पाडलं, हे इथे लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

त्रेचाळिसावरून बारा.

तिने केलं काय? तर डिस्क, डेटाबेस, रिपोर्टची सेवा आणि पत्ता, चौघांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाली, हा एक गट. रांगेत जो पुढे तो आधी उठेल, झोपताना उलट्या क्रमाने झोपतील, आणि चौघं कायम एकाच मशीनवर राहतील. माझे एकोणीस नियम तिने एका ओळीत बसवले.

मी म्हटलं, “मॅडम, एवढं सोपं असतं तर मी नसतं का केलं?”

ती म्हणाली, “सोपं करायला तुम्हाला कधी कुणी सांगितलंच नसेल, सर.”

चांगुलपणाने म्हणाली. मला मात्र पायरी चुकल्यासारखं झालं. कारण खरं सांगायचं, तर गटाची सोय सात वर्षांपासून आहे आणि मला ती माहीत आहे. मी ती वापरली नाही. एका ओळीचं काम असतं, तर ती ओळ कुणीही वाचली असती.

घरी बायकोला सांगितलं, “माझं काम निम्म्याहून कमी करून टाकलं त्या पोरीने.”

“मग रजा काढा चार दिवस. दर रजेत फोन यायचा ना, उस्तादांशिवाय हलत नाही म्हणून? आता हलेल.”

बायकोला विजेतलं काही कळत नाही. पण झटका कुठे द्यायचा ते बरोबर कळतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

उरलेल्या बारा चिठ्ठ्या एकेक करून बघताना आज नंबर एकतीस आली.

“सर, हा कुणी लिहिलाय? याचं नाव तुमच्या पद्धतीचं नाही.”

मी माझ्या नियमांना नावं ठेवतो, ‘डिस्क-आधी’, ‘पत्ता-शेवटी’ अशी. एकतीसचं नाव यंत्राने आपणहून ठेवलेलं होतं. मजकूर एवढाच: रिपोर्टची सेवा उजव्या मशीनवर कधीही नाही. ‘शक्यतो नाही’ असं नव्हे. कधीही नाही.

मी म्हटलं, “जुना असेल. बघतो.”

“पण सर, हा असेल तर डावं पडल्यावर उजवं काहीच उचलणार नाही. चौघांचा गट आहे. एकाला बंदी म्हणजे सगळे अडले.”

“बघतो म्हटलं ना, मॅडम.”

आवाज चढला. चढायला नको होता. तिने चिठ्ठी वेगळी ठेवली आणि बत्तीस नंबर घेतला.

नियम मी ओळखला होता. नाव वाचताक्षणीच.

दोन वर्षांपूर्वी उजव्या मशीनची मेमरी बदलायची होती. रिपोर्टची सेवा तेव्हा उजव्यावर होती. मी हाताने हुकूम दिला, इथून हल. हा हुकूम असा असतो की यंत्र सेवा हलवतं, पण त्यासाठी स्वतःच एक नियम लिहून ठेवतं, इथे परत यायचं नाही. काम झालं की तो नियम आपण पुसायचा असतो. पडद्यावर तसा इशाराही येतो. त्या दिवशी मेमरी बसवून मी हात धुतले, चहा घेतला आणि घरी गेलो.

पाच आठवड्यांनी सकाळी डावं मशीन पडलं. ड्युटीवर हेडमास्तर होता. खरा मास्तर नव्हे. नोंदवहीत मोत्यासारखं अक्षर काढायचा आणि इतरांच्या चुका लाल पेनने दुरुस्त करायचा, म्हणून हेडमास्तर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण मला उस्तादच म्हणायचा. उजव्यावर डिस्क आली, डेटाबेस आला. रिपोर्टची सेवा येईना, म्हणून पत्ताही येईना. त्याने हाताने लावून पाहिलं, एकदा, दोनदा, सात वेळा. पावणेचार तास रिपोर्ट बंद. तीन ऑपरेशनं पुढे ढकलली. मी गावाला होतो. येऊन डाव्याचं वीज देणारं खोकं बदललं आणि सगळं डाव्यावरच परत चालू झालं. उजव्याला का जमलं नाही, हे मग कुणी विचारलंच नाही.

चौकशी झाली. हेडमास्तर म्हणत होता, “मी क्रम बरोबर लावला होता.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उस्ताद, तुमचं मत? मी म्हणालो, “नियम ठीक आहेत. गडबडीत माणसाचा हात चुकतो.”

महिन्याभरात त्याचा राजीनामा घेतला.

एवढं लिहिलं आणि हात थांबला. मला तेव्हा माहीत नव्हतं, असं पुढे लिहिणार होतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

डोकं दुखतंय म्हणून कळवलं. गेलो नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कुणी यायच्या आत गेलो. एकतीस नंबरचा नियम पुसला. एक ओळ टाइप करायची आणि एन्टर. दोन वर्षांपूर्वी करायचं काम, तेवढ्याच सेकंदांत झालं. मग टेबलावरून ती चिठ्ठीही उचलली आणि शर्टाच्या खिशात घातली.

नंतर त्या खोलीत उभा राहिलो. डाव्याचे पंखे नेहमीसारखे घुमत होते आणि उजव्याचा आवाज हलका, निवांत. दोन वर्षं मी तो आवाज ऐकून म्हणायचो, उजवं तब्येतीने आहे. त्याला काम करायलाच मनाई होती. हॉस्पिटल दोन वर्षं एका पायावर उभं होतं आणि रोज सकाळी मी त्याला शाबासकी देत होतो.

चाळणी नऊला आली. टेबलाकडे पाहिलं.

“सर, एकतीस नंबर दिसत नाही.”

“वाऱ्याने उडाली असेल.”

“या खोलीला खिडकी नाहीये, सर.”

“एसी आहे की.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हं, एसी आहे.” आणि कामाला लागली. पटलेलं दिसलं. पोरगी साधी आहे.

चिठ्ठी अजून खिशात आहे. टाकायला कचऱ्याची पेटीही सापडत नाही, असं झालंय.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हेडमास्तरकडे जाऊन आलो. कोर्टामागच्या गल्लीत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, हे ऐकून होतो. दोन वर्षांत पाऊल वळलं नव्हतं. हातात असावं म्हणून घराच्या कराची पावती घेऊन गेलो.

“अरे, उस्ताद! या, या! ही खुर्ची घ्या. ती नको, तिचा पाय गेलाय.”

केस पार पिकलेत. दुकान मात्र लख्ख. प्रत्येक खणावर मोत्याच्या अक्षरात चिकटवलेलं: लांब कागद, आखूड कागद, हिरवा कागद.

“किती प्रती?”

“एक.”

“एका प्रतीसाठी एवढ्या लांब आलात? सरळ म्हणा ना, भेटायला आलो.”

चहा मागवला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, “तुम्ही त्या दिवशी गावाहून धावत आलात हो. नाहीतर माझी आणखी शोभा झाली असती. मी घरी नेहमी सांगतो, उस्ताद होते म्हणून निभावलं.”

मी कपातल्या चहाकडे पाहत राहिलो.

“सुरुवातीला मला फार वाटायचं, माझं चुकलं नाही. वहीत क्रम लिहून लिहून पाहिला. पण उस्ताद, तुम्ही म्हणालात ना, गडबडीत हात चुकतो. मग मीच विचार केला. हा माणूस खोटं कशाला बोलेल? चुकलाच असणार माझा हात. आठवत नाही, एवढंच. ते एकदा मान्य केलं आणि झोप यायला लागली.”

एक गिऱ्हाईक आलं. तो उठला. त्याने त्या माणसाचे कागद तीनदा मोजले. चार कागद होते. तीनदा मोजले, मशीनवर ठेवले, झाकण लावलं, पुन्हा उघडून एकदा पाहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, “अहो काका, चारच आहेत.” तो म्हणाला, “असू दे, माझा हात चुकतो कधीकधी.”

मी पावतीची प्रत घेतली आणि निघून आलो. सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, असंही म्हणवत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी सांगत होतो तसे तिचे हात हळू होत गेले.

“तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“अहो, मी तीस वर्षं तुमच्या शेजारी जेवायला बसतेय. त्या चौकशीहून आलात तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हतात.”

मी तिच्या पुढ्यातली जुडी ओढून देठं मोडू लागलो.

“आणि हे मला कशाला सांगताय? मी काही त्यांना घरी बसवलं नव्हतं.”

आता इथे तरी लिहितो. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी नियमांची यादी उघडली होती. खाली सरकवत गेलो. एके ठिकाणी वेगळ्या वळणाचं एक नाव डोळ्यांसमोरून गेलं. बोट थांबलं नाही. थांबवलं नाही. मला कळलं नव्हतं हे खरं. पण कळू नये म्हणून मी यादी बंद केली, हेही खरं. उस्तादाच्या यादीत चूक निघाली, तर शिडीवरचा वायरमन तेवढा उरतो, अशी काहीतरी भीती होती. दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने म्हणालो, नियम ठीक आहेत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी झाली. सकाळी अकरा वाजता, तपासणीवाले, साहेब, दोन डॉक्टर, सगळे दाटीवाटीने खोलीत. चाळणीने डाव्याची वीज तोडली. डाव्याचे पंखे घरघरत थांबले आणि उजव्याचे चढू लागले. मी डोळे मिटून ऐकत होतो. डिस्क. डेटाबेस. सेवा. पत्ता. वॉर्डातून फोन आला, रिपोर्ट दिसतायत. अठ्ठेचाळीस सेकंद.

टाळ्या वाजल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “बघा! मशीन काय, नियम काय, सगळं हेच होतं तेव्हाही. फक्त माणूस धड नव्हता.”

पाठीवरची ती थाप मला अजून जाणवतेय.

सगळे गेल्यावर चाळणीने अहवालाचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्रेचाळीस ओळी. नियम, काय केलं, का. बेचाळीस ओळी भरलेल्या. एकतीसच्या पुढे ‘काढला’ एवढंच. ‘का’चा रकाना कोरा.

“हा मला भरता येत नाही, सर.”

“नियम तर आता यादीत नाही. ओळच काढून टाका.”

“दर बदलाला यंत्र आधीची यादी तारखेसकट बाजूला ठेवतं, सर. दोन वर्षांपूर्वीची पण आहे. गेल्या गुरुवारच्या सकाळची पण आहे.” मग पेनाचं टोपण काढत, “मी कुणाला दाखवलेल्या नाहीत. अहवाल उद्या दुपारी जाणार आहे.”

माझ्याकडे न पाहता तिने पेन कागदावर ठेवलं आणि जेवायला गेली. आणि मी तिला साधी म्हणत होतो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

रकाना लहान होता. कागद उलटा करून मागे लिहिलं. मेमरी कधी बदलली, हुकूम कुणी दिला, काय पुसायचं राहिलं. हेडमास्तरने लावलेला क्रम बरोबर होता. या नियमामुळे तो कुणीही लावला असता तरी चालला नसता. चौकशीत मी जे बोललो ते चूक होतं, आणि यादी नीट न पाहता बोललो. खाली सही. पंधरा तारखेला गुपचूप काय केलं, तेही लिहिलं.

आधी साहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, दार लावलं.

“उस्ताद, चाचणी पास झालीय. सगळे खूश आहेत. आता कशाला उकरून काढता?”

“त्या माणसाचं नाव कागदावर तसंच आहे, साहेब.”

“त्या चौकशीवर सही माझी आहे. तुमच्या बोलण्यावर केलेली.”

“म्हणूनच आधी तुमच्याकडे आलो.”

त्यांनी कागदावर पेपरवेट ठेवला. मग म्हणाले, “तुमची जागा राहील की नाही, सांगू शकत नाही. हे वर जाणार.”

“जाऊ द्या.”

मोठा धीर केला असं वाटत नाही. मनात हिशेब चालूच होता: अकरा वर्षं, दोन मशीन, इतकी माणसं ओळखीची, अगदीच काढणार नाहीत. लाज वाटायच्या वेळीही मी खुर्ची चाचपून पाहत होतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज दुकानात गर्दी होती. तीन-चार गिऱ्हाइकं. मी बाहेर थांबलो असतो. पण बाहेर थांबणं मला फार चांगलं जमतं, म्हणून आत गेलो.

“आज किती प्रती?” तो हसून म्हणाला.

मी अहवालाची प्रत त्याच्या हातात दिली. मागची बाजू. त्याने चष्मा लावला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मध्ये एकदा बोट कागदावर थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. झेरॉक्सचं मशीन कुणाचे तरी कागद ओकत होतं. ते थांबल्यावर त्याने मान वर केली.

“म्हणजे मी क्रम बरोबर लावला होता?”

“हो.”

“डिस्क, डेटाबेस, सेवा, पत्ता. चारही?”

“चारही. सातही वेळा.”

“तुम्हाला कधी कळलं?”

मी तारीख सांगितली. मग म्हणालो, “त्याआधीही कळलं असतं. मी पाहिलं नाही.”

तो ओरडेल, कागद तोंडावर फेकेल, असं वाटलं होतं. खरं तर तसंच व्हावं असं वाटत होतं. निदान हिशेब झाला, असं म्हणता आलं असतं. त्याने काहीच केलं नाही. खिशातून फोन काढला, मुलीला लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते.

“कामात आहेस का गं? एक मिनिट. इथे हॉस्पिटलचे उस्ताद आलेत, त्यांना तुझ्याशी बोलायचंय.” मग फोनवर हात ठेवून मला म्हणाला, “दोन वर्षांत पोरीने एकदाही विचारलं नाही, बाबा, नक्की काय झालं होतं. वाईट वाटू नये म्हणून विचारत नाही. म्हणजे तिलाही तेच वाटतं. सांगा तिला.”

फोन माझ्या हातात आला. पलीकडून, “हॅलो, काका? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

मी सांगितलं. गिऱ्हाइकं ऐकत होती, कुणी गेलं नाही. मध्ये माझा आवाज बसला तेव्हा हेडमास्तर म्हणाला, “मोठ्याने बोला. तिच्या ऑफिसात गोंगाट असतो.”

मी मोठ्याने बोललो. शेवटपर्यंत.  माझे कान तिखट आहेत. पलीकडे ती रडत होती, हे मला कळलं.

फोन परत घेऊन तो तिला म्हणाला, “हं. ठेव आता, काम कर.” मग कागदाची नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

“किती प्रती?”

“तीन.”

त्याने ते कागद एकदाच मोजले आणि मशीनवर ठेवले. माझ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून मी दुकानाबाहेर आलो.